सर्वश्रेष्ठ वाइड रिसीव्हर कोण: राइस, मॉस की हटसन?

होटगी रोडकर

नमस्कार. मी सोलापूरचा असून गेली सहा वर्षे एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचे सामने जमेल तसे पाहत आलो आहे. रविवारचा पहिला सामना आपल्याकडे रात्री साडेदहाला, तिकडची घड्याळे मागे गेली की साडेअकराला सुरू होतो आणि सुपर बोल हा अंतिम सामना तर सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास, त्यामुळे आमच्या घरी या खेळाला 'जागरण' एवढेच नाव आहे. गेल्या आठवड्यात डॅलसला नोकरी करणारा माझा भाचा सुट्टीवर आला होता. पार्क चौपाटीवर बसल्या बसल्या मी सहज म्हणालो की, आजवरच्या वाइड रिसीव्हरांमध्ये, म्हणजे फेकलेला चेंडू झेलून पुढे पळणाऱ्यांमध्ये, पहिला क्रमांक जेरी राइसचा, याबद्दल दुमत नसावे. त्यावर तो म्हणाला, "मामा, तुम्ही आकडे वाचता, खेळ बघत नाही." त्याच्या मते पहिला रँडी मॉस. वाद घरी पोहोचेपर्यंत मिटला नाही, आणि जेवतानाही कडक भाकरीबरोबर तोच विषय चघळला गेला.

माझी बाजू सोपी आहे. राइसच्या नावावर 1,549 झेल, 22,895 यार्ड आणि झेल घेऊन केलेले 197 टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेणे) आहेत. यार्डांच्या यादीत दुसरा असलेला लॅरी फिट्झजेराल्ड 17,492 वर थांबला, म्हणजे पाच हजारांहून अधिक यार्डांचे अंतर आहे. 22,895 यार्ड म्हणजे जवळपास 21 किलोमीटर. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांना हे चटकन कळेल: ती जवळजवळ निम्मी वाट झाली. (चेंडू हवेत असतानाचे अंतरही यात धरले जाते, हे मान्य, तरीही.)

भाच्याचे म्हणणे असे की राइसला आधी जो मोन्टाना आणि मग स्टीव्ह यंग असे दोन थोर क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारे, लाभले, शिवाय तो वीस मोसम खेळला, तेव्हा आकडे साचणारच. मॉसने मात्र ज्याच्या हातात चेंडू होता त्यालाच मोठे केले.

माझे प्रश्न दोन आहेत. झेल घेणाऱ्याचे श्रेय मोजताना चेंडू फेकणाऱ्याचे श्रेय किती वजा करावे? आणि खेळाचे नियमच बदलत गेले असताना 1940 च्या दशकातला खेळाडू आणि आजचा खेळाडू यांना एकाच तराजूत कसे घालावे? जाणकारांनी मत द्यावे, आणि शक्य असल्यास कारणासह द्यावे.

विटकरी

आपला प्रश्न मनापासून आवडला. मी राइसच्या बाजूचा आहे आणि माझा पक्षपात आधीच कबूल करतो, कारण माझे वडील गवंडी होते आणि राइसचेही.

मिसिसिपी राज्यात राइसचे वडील विटांचे बांधकाम करीत आणि उन्हाळ्यात मुले हाताखाली राबत. भाऊ खालून विटा फेकत आणि परांचीवर उभा असलेला जेरी त्या झेलत असे. ही गोष्ट अमेरिकेत कौतुकाने सांगितली जाते, पण ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी वीट झेललेली नसते. मी झेलली आहे. खालून फेकलेली वीट वर येते आणि वळून खाली पडायच्या आधी क्षणभर हवेत थबकते. त्या क्षणी तिला वजन नसते. कसलेला माणूस ती तेव्हाच अलगद उचलून घेतो आणि घेता घेता बाजूला वळून रचतोही. नवखा मात्र ती वर येत असतानाच ताठ हाताने अडवायला जातो आणि बोटांची सालटी काढून घेतो. राइसचे झेल सावकाश लावून पाहा. त्याचा हात चेंडूवर आदळत नाही, चेंडूबरोबर थोडा मागे जातो, आणि हाताने काम पुरे करण्याआधीच पाय पुढच्या दिशेला वळलेले असतात. म्हणूनच पाच यार्डांवर घेतलेला झेल तो पन्नास यार्डांपर्यंत नेऊ शकत असे.

आता क्वार्टरबॅकचा मुद्दा. राइस मिसिसिपी व्हॅली स्टेट या लहानशा महाविद्यालयातून आला आणि 1985 मध्ये संघांनी नवे खेळाडू क्रमाने निवडले त्या निवडीत सोळावा उचलला गेला, कारण सरळ धावण्यात तो फार वेगवान मानला जात नव्हता. मोन्टानाचे श्रेय वजा करायचे असेल तर जरूर करावे, परंतु मग 1995 चा मोसम समजावून सांगावा लागेल. त्या वर्षी यंग जखमी असल्याने पाच सामन्यांत सुरुवातीला एल्विस गर्बाक खेळला, आणि तरीही राइसने 122 झेल आणि 1,848 यार्ड मिळवले. एका मोसमातील यार्डांचा हा विक्रम 2012 मध्ये डेट्रॉइटच्या कॅल्विन जॉन्सनने 1,964 यार्ड करेपर्यंत टिकला.

दीर्घकाळ खेळल्यामुळे आकडे साचले, हा आक्षेप मला उलटाच वाटतो. 1997 च्या पहिल्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. त्या वयात बहुतेकांनी निवृत्तीची पत्रकार परिषद बोलावली असती. राइसने 2002 मध्ये, वयाची चाळिशी ज्या मोसमात पूर्ण केली त्याच मोसमात, ओकलंडकडून 92 झेल आणि 1,211 यार्ड मिळवले आणि संघ सुपर बोलपर्यंत गेला. तेथे ना मोन्टाना होता, ना यंग. कॅलिफोर्नियातील सॅन कार्लोसच्या टेकडीवर सुमारे चार किलोमीटरची चढण तो वर्षानुवर्षे धावत असे, आणि इतर संघांतील खेळाडू त्याच्याबरोबर धावायला येऊन अर्ध्यावर बसत, हे सर्वश्रुत आहे.

आणखी एक आकडा भाच्याला अवश्य सांगावा. मॉसचा एका मोसमातील 23 टचडाउनचा विक्रम 16 सामन्यांतला आहे. 1987 मध्ये खेळाडूंच्या संपामुळे राइसला केवळ 12 सामने खेळता आले, आणि त्यांत त्याने 22 केले.

खोखोचा_मास्तर

विटकरी यांचे लिखाण उत्तम आहे, तरी माझे मत भाच्याच्या बाजूने जाते, आणि ते आकड्यांमुळे नाही.

मी शाळेत खो-खो शिकवतो, त्यामुळे हूल देण्याची कला मला थोडीफार कळते. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की त्याला मागे फिरता येत नाही. धावणाऱ्याचे सगळे कसब त्याला चुकीची दिशा घ्यायला लावण्यात असते. रिसीव्हर आणि त्याला रोखणारा बचावपटू, म्हणजे कॉर्नरबॅक, यांच्यातही हेच चालते. नियमाने बंदी नसली तरी शरीर बंदी घालते: कॉर्नरबॅकची कंबर एकदा वळली की परत फिरायला त्याला दोन पावले जास्त लागतात, आणि तेवढ्यात झेल होऊन जातो. या कलेत राइस माझ्या पाहण्यात सर्वांत वरचा आहे, हे मी विनातक्रार मान्य करतो.

परंतु हूल द्यायला समोरचा माणूस जवळ यावा लागतो. मॉसपुढे तो येतच नसे. सहा फूट चार इंच उंची, हरणासारखी धाव आणि उडीच्या टोकाला पोहोचल्यावर चेंडू घेण्याची सवय, यांमुळे विरोधी संघ खेळ सुरू होण्याआधीच दहा-बारा पावले मागे जाऊन उभा राही, आणि मागच्या फळीतला सेफ्टी नावाचा राखणदारही त्याच्याच बाजूला सरकून राही. एका माणसासाठी दोन माणसे अडकली की उरलेल्या मैदानात दहाजणांसमोर नऊच उरतात. ज्या चेंडूला मॉसचा हातही लागला नाही, त्यावरही संघाला मिळालेल्या यार्डांत त्याचा वाटा असे, आणि तो कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

याचा पुरावा निवडीच्या कागदांवर आहे. 1998 मध्ये मिनेसोटाने मॉसला एकविसावा निवडला. पहिल्याच मोसमात त्याने 17 टचडाउन केले, आणि पुढच्या वर्षी त्याच गटातल्या ग्रीन बे पॅकर्सने आपल्या पहिल्या तीनही निवडी मागच्या फळीतील बचावपटूंवर खर्च केल्या. शेजारच्या संघाने एका पोरासाठी एवढी खरेदी करावी, याहून मोठी दाद कोणती?

क्वार्टरबॅकचे म्हणाल, तर मॉसच्या पहिल्या तीन मोसमांत चेंडू फेकणारे मुख्य खेळाडू तीन वेगळे होते: रँडल कनिंगहॅम, जेफ जॉर्ज आणि डॉन्टे कल्पेपर. मॉसचे यार्ड अनुक्रमे 1,313, 1,413 आणि 1,437 झाले. फेकणारा दर वर्षी बदलला आणि झेलणाऱ्याचा आलेख चढतच गेला. पुढे 2007 मध्ये तो न्यू इंग्लंडला आला. त्याआधी टॉम ब्रेडीने कोणत्याही मोसमात 28 हून अधिक टचडाउन फेकलेले नव्हते. त्या वर्षी 50 फेकले, त्यांतील 23 मॉसने घेतले, आणि संघाने नियमित मोसमातील 16 पैकी 16 सामने जिंकले. सुपर बोल हरले, ते दुःख वेगळे.

भाचा डॅलसला राहतो म्हणून आणखी एक. 1998 च्या थँक्सगिव्हिंगला डॅलसच्याच मैदानात मॉसने सबंध सामन्यात तीनच झेल घेतले: 51, 56 आणि 56 यार्ड. तीनही टचडाउन. निवडीत त्याला डावलणाऱ्या संघांपैकी डॅलस एक होते.

त्याची खोट लपवून चालणार नाही. मन लागले तरच खेळतो, असा त्याचा लौकिक होता आणि त्याने तो स्वतःच्या तोंडाने वाढवलाही. 2006 मध्ये ओकलंडला 42 झेल आणि 3 टचडाउन, ही त्याच्या जातीच्या खेळाडूला शोभणारी कामगिरी नव्हे. माझ्या संघात असे पोर असते तर मी त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावले असते, आणि अंतिम सामन्यात पहिला त्यालाच उतरवले असते.

जुनी आकडेमोड

मी गिरणीच्या हिशेब खात्यात नोकरी करून निवृत्त झालो. गिरणी राहिली नाही, खतावणी तपासण्याची सवय राहिली. आपण दोघांनी राइस आणि मॉस यांची तुलना परस्परांशी केली. माझ्या मते खेळाडूची तुलना प्रथम त्याच्या समकालीनांशी करावी. तसे केल्यास डॉन हटसनचे नाव टाळता येत नाही.

हटसन 1935 ते 1945 या काळात ग्रीन बे पॅकर्सकडून खेळला. चेंडू पुढे फेकणे त्या वेळी बाल्यावस्थेत होते. डाव जेथून सुरू होतो त्या ओळीमागून कोठूनही चेंडू पुढे फेकण्याची मुभा 1933 मध्ये मिळाली आणि 1934 मध्ये चेंडू सडपातळ करण्यात आला, म्हणजे बोटांत धरून फेकण्याजोगा चेंडूच हटसनच्या आगमनाच्या एक वर्ष आधी तयार झाला. शिकागो बेअर्सविरुद्धच्या पहिल्याच मोसमातील सामन्यात त्याने 83 यार्डांचा टचडाउन घेतला. पुढे झेलांच्या संख्येत तो आठ मोसम लीगमध्ये पहिला आला.

1942 चा मोसम उदाहरणादाखल घ्यावा. सामने अकरा. हटसनचे झेल 74. दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूचे 27. यार्ड 1,211 आणि टचडाउन 17. क्रिकेटमध्ये डॉन ब्रॅडमनच्या 99.94 या सरासरीपुढे आपण जसे गप्प होतो, तसेच येथेही व्हायला हवे, आणि योगायोग असा की नावही डॉनच. कारकिर्दीतील टचडाउनांचा भागाकार मी स्वतः केला आहे: राइस 303 सामन्यांत 197, म्हणजे सामन्यामागे 0.65, मॉस 218 सामन्यांत 156, म्हणजे 0.72; हटसन 116 सामन्यांत 99, म्हणजे 0.85. हा 99 चा आकडा 1989 मध्ये सिॲटलच्या स्टीव्ह लार्जंटने शंभरावा टचडाउन घेईपर्यंत कोणालाही ओलांडता आला नाही. शिवाय हटसन बचावातही खेळत असे, तेथे त्याने 30 वेळा विरोधकांचे चेंडू पळवले, आणि गोलखांबांमधून चेंडू लाथेने मारण्याचे कामही तो करत असे.

हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला दोन नोंदी कराव्या लागतात, आणि त्या केल्या नाहीत तर ताळेबंद खोटा ठरेल. पहिली अशी की 1942 पासून पुढचे मोसम महायुद्धाचे होते आणि अनेक चांगले खेळाडू सैन्यात गेलेले होते. दुसरी अधिक जड आहे. 1934 पासून 1945 पर्यंत एनएफएलमध्ये एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला खेळवले गेले नाही, म्हणजे हटसनची संपूर्ण कारकीर्द त्या बंदीच्या आत येते. ज्या लीगने राइस आणि मॉस या दोघांनाही दारातून आत घेतले नसते, तेथील पहिला क्रमांक किती मोलाचा, हा प्रश्न मी स्वतःला विचारतो आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर माझे उत्तर दर वेळी सारखे येत नाही. हटसनचा यात दोष नाही. पण स्पर्धेची व्याप्ती लहान होती, हे खरे आहे.

होटगी रोडकर यांच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल: सर्वांत मोठी रेषा 1978 ची मानावी. त्याआधी चेंडू हवेत जाईपर्यंत बचावपटू रिसीव्हरला वाटेत कोठेही ढकलू शकत असे. 1978 पासून ही धक्काबुक्की पहिल्या पाच यार्डांपुरती राहिली, आणि त्याच वर्षी मोसम 14 वरून 16 सामन्यांचा झाला. 2021 पासून तो 17 चा आहे. या रेषेच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे एका स्तंभात लिहू नयेत.

चादर आणि टॉवेल

मी टेरी टॉवेलच्या धंद्यात आहे, आणि पिट्सबर्गचे प्रेक्षक पिवळे टॉवेल फिरवताना दिसले म्हणून या खेळाकडे वळलो, हे आधी सांगून टाकतो. आकडेमोड काकांनी 1978 ची रेषा काढली हे बरे केले. पिट्सबर्गच्या लिन स्वानचे कारकिर्दीत केवळ 336 झेल आहेत. आजचे रिसीव्हर तेवढे तीन-चार वर्षांत घेतात. तरीही 2001 मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतले, कारण जानेवारी 1976 च्या सुपर बोलमध्ये, आधीच्या सामन्यात डोक्याला मार बसून तो रुग्णालयात गेला होता तरी, चार झेलांत 161 यार्ड घेऊन तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. स्वान पहिला आहे असे मी म्हणत नाही. मात्र पहिल्या दहांत कोण, हे ठरवताना मोठ्या सामन्यातील झेलाला वेगळे वजन द्यावे. गंमत म्हणजे 1978 चा नियम ज्याच्या दांडगाईमुळे आला असे म्हणतात, तो मेल ब्लाउंटही पिट्सबर्गचाच.

विटकरी

टॉवेलवाल्या मालकांचा मोठ्या सामन्याचा निकष मला मान्य आहे, कारण तो लावला की पारडे पुन्हा राइसकडे झुकते: तीन सुपर बोल विजय आणि त्यांपैकी एकात 11 झेल, 215 यार्ड आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान. मास्तरांना एवढेच विचारतो की बचावाला वाकवण्याचा जो गुण तुम्ही मॉसचा म्हणून सांगितलात, तो राइसमध्ये नव्हता असे तुम्हाला खरोखर वाटते का? 22 जानेवारी 1989 चा सिनसिनाटीविरुद्धचा सामना काढा आणि शेवटची 92 यार्डांची चढाई पाहा. विशेषतः शेवटचा डाव.

होटगी रोडकर

सर्वांचे आभार. विटकरी यांनी सांगितलेली चढाई काल रात्री पाहिली, एकदा सलग आणि मग थांबवत थांबवत.

राइस आणि मोन्टाना यांचे सॅन फ्रान्सिस्को 13–16 असे मागे होते, हाती तीन मिनिटांच्या किंचित वर वेळ होता आणि चेंडू स्वतःच्या गोलरेषेपासून 8 यार्डांवर होता. मोन्टाना लहान लहान फेकी करत पुढे सरकत गेला. मध्ये एका दंडामुळे संघ मागे ढकलला गेला, त्यानंतर राइसने मैदानाच्या मध्यातून 27 यार्डांचा झेल घेतला, तोही आजूबाजूला तीनजण असताना. येथपर्यंत सगळे माझ्या अपेक्षेप्रमाणे होते. शेवटच्या डावात चेंडू सिनसिनाटीच्या गोलरेषेपासून 10 यार्डांवर होता. चेंडू सुटण्याआधी राइस आडवा सरकू लागला आणि त्याच्याबरोबर सिनसिनाटीच्या बचावाचे लक्षही सरकले. तेवढ्यात जॉन टेलर मधून सरळ आत घुसला, मोन्टानाने चेंडू त्याच्याकडे दिला, आणि 34 सेकंद उरले असताना सामना 20–16 असा फिरला. 215 यार्डांच्या त्या दिवसातला हा सर्वांत महत्त्वाचा चेंडू राइसने झेललाच नाही.

त्यामुळे माझे मत तेच राहिले असले तरी त्याचे कारण बदलले आहे. मी राइसला त्याच्या 22,895 यार्डांसाठी पहिला मानत होतो. आता मास्तरांनी मॉससाठी मांडलेल्या कसोटीवरच तो मला पहिला वाटतो, फरक इतकाच की ती कसोटी तो वीस वर्षे देत राहिला आणि मॉसने ती मन लागेल तेव्हा दिली. हटसनला मी या रांगेत उभे करणार नाही. आकडेमोड काकांची दुसरी नोंद वाचल्यानंतर ते जमत नाही, आणि 74 विरुद्ध 27 हेही डोक्यातून जात नाही. स्वानबद्दल मला अजून पाहायचे आहे.

ती चित्रफीत मी भाच्यालाही पाठवली, सोबत मास्तरांचा सेफ्टीविषयीचा परिच्छेद जोडला आणि खाली लिहिले की बघ, तुझाच मुद्दा राइसच्या कामी आला. तिकडे तेव्हा सकाळ असावी. उत्तर एका ओळीत आले: "मामा, तिथे मॉस असता तर टेलरची गरजच पडली नसती."